पुडीवरचे चित्र आणि आपली डबी

(बंगळूर येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पगार, पेन्शन आणि रिकाम्या जागा यांवर सकाळपासून पुष्कळ बोलून झाले आहे. आम्ही वेगळा विषय घेतो. तो आपल्यापैकी अनेकांच्या खिशातच आहे. तंबाखूची पुडी, बिडीचे बंडल आणि सिगारेटचे पाकीट यांवर छापलेल्या इशाऱ्याबद्दल आम्हांला बोलायचे आहे. बंगळुरात हा विषय घेण्याला कारण आहे. या इशाऱ्याचा सर्वांत मोठा खटला याच शहरातल्या उच्च न्यायालयात चालला.

थोडा मागचा इतिहास पाहू. १९७५ च्या कायद्याने सिगारेटच्या पाकिटावर वैधानिक इशारा आला. पण तो कायदा सिगारेटपुरताच होता, बिडी त्यात नव्हती. म्हणजे साहेबाच्या पाकिटावर इशारा आणि गँगमनच्या बंडलावर काहीच नाही! शिवाय इशारा नुसता अक्षरांत. ज्याला वाचता येत नाही, त्याने काय करायचे?

२००३ च्या कायद्याने ही उणीव दूर केली. सिगारेट, बिडी, खाण्याची तंबाखू, गुटखा, तपकीर या सगळ्या मालावर इशारा सक्तीचा झाला. पुडीवर चित्रे यायला मात्र ३१ मे २००९ उजाडला, आणि तीही पुढच्या बाजूच्या ४० टक्के जागेत. खाण्याच्या तंबाखूवर तेव्हा विंचू छापला होता. तो कंपनीचाच छाप असावा, असे आमच्यातल्या काहींना वाटले होते!

१५ ऑक्टोबर २०१४ ला नवे नियम निघाले. पुढच्या आणि मागच्या दोन्ही बाजूंची ८५ टक्के जागा इशाऱ्याला द्यायची, त्यात ६० टक्के चित्र आणि २५ टक्के मजकूर. अंमल १ एप्रिल २०१५ पासून व्हायचा होता. पण आपल्या अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी अध्यक्ष असलेल्या संसदीय समितीने थांबा म्हटले आणि वर्ष गेले. पुढे मार्च २०१६ मध्ये याच समितीने ५० टक्के जागा पुरे, अशी शिफारस केली. तरीही १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्क्यांचा नियम लागू झाला. त्यावर मोठ्या सिगारेट कंपन्यांनी काही काळ कारखानेच बंद ठेवले.

निरनिराळ्या उच्च न्यायालयांत दावे दाखल झाले होते. ४ मे २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने ते सगळे कर्नाटक उच्च न्यायालयाकडे सोपवले. १५ डिसेंबर २०१७ ला इथे निकाल लागला, आणि ८५ टक्क्यांचा नियम मनमानी ठरवून रद्द झाला. इशारा नकोच, असे न्यायालयाने म्हटले नव्हते. जुना ४० टक्क्यांचा नियम राहणार होता. पण ८ जानेवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला स्थगिती दिली आणि नागरिकांचे आरोग्य आधी, अशी भूमिका घेतली. म्हणून ते मोठे चित्र पुडीवर टिकले.

चित्राने काय होते, असे कोणी विचारील. सरकारी पाहणीतले आकडे बघा. इशारा पाहून सोडण्याचा विचार मनात आला, असे सांगणारे बिडी ओढणारे २००९-१० मध्ये २९ टक्के होते. २०१६-१७ मध्ये ते ५४ टक्के झाले. सिगारेटवाल्यांत हे प्रमाण ३८ वरून ६२ वर गेले. तंबाखू खाणाऱ्यांत मात्र ३४ वरून ४६ वरच अडले.

खाणारेच मागे का? आमचे उत्तर आम्ही आमच्याच सवयीत शोधले. रात्रपाळीत, रनिंग रूममध्ये किंवा टपाल छाटणीच्या टेबलाशी आपण काय करतो? पुडी फाडतो, डबीत ओततो आणि कागद फेकून देतो. चित्र गेले गटारात. मग डबी हातोहात फिरते. 'दे रे चिमूटभर' म्हणणाऱ्या नव्या पोराला ती पुडी कधी दिसतच नाही. सुट्या बिडी-सिगारेटचेही तेच. म्हणून तर कर्नाटकाने २०१७ मध्ये आणि महाराष्ट्राने २०२० मध्ये सुट्या विक्रीवर बंदी घातली. ज्या चित्रासाठी दिल्लीपर्यंत लढाई झाली, ते आपण आपल्या हाताने फेकतो आहोत.

आता दुसरी बाजू. इशारा मोठा झाला की बिडी कामगारांचे पोट जाईल, असे मालक सांगतात. सोलापुरात बिड्या वळणाऱ्या आणि निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या धुळीत राबलेल्या बाया आपल्याच बहिणी आहेत. त्यांचा प्रश्न खरा आहे. पण २०१७ मध्ये जीएसटी आला आणि बिडी कामगारांच्या कल्याणनिधीचा उपकर रद्द झाला, तो काही चित्रामुळे नव्हे. त्यांना पूर्ण मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि दुसरे काम मिळाले पाहिजे, ही मागणी आपण करूच. मात्र त्यांच्या पोटाची ढाल करून आपल्या जबड्याचा रोग कोणी झाकू नये.

तेव्हा युनियनच्या शाखांनी चार कामे करावीत. एक, कामाच्या जागी आणि कँटीनमध्ये सुटी विक्री होऊ देऊ नये. दोन, इशारा नसलेला माल दिसला तर तक्रार करावी. असा माल बनवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. तीन, वर्षातून एकदा दवाखान्यात तोंडाची तपासणी मागावी. तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम, तोंड पुरते न उघडणे, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये. चार, पुडीवरच छापलेला १८००-११-२३५६ हा मोफत नंबर फलकावर लिहावा. मुंबईचे टाटा मेमोरियल आणि इथले निम्हान्स या सेवेत आहेत.

ज्याला सुटत नाही त्याची थट्टा करू नका. तो आपलाच सोबती आहे. एवढेच करा, की डबी पुढे करण्याआधी पुडी पुढे करा. तिच्यावरचे चित्र त्याला बघू द्या, आपणही बघा.