गावची मॅच, थेट



आमच्या सालवडच्या आसपास क्रिकेटचा हंगाम भातकापणीनंतर सुरू होतो. सालवड, पास्थळ, सरावली, कुंभवली, कोलवडे ही गावं तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला अगदी खेटून आहेत. तरी कुठं ना कुठं भाताची खाचरं अजून शिल्लक आहेत. कापणी आटोपली की पोरं बांध सारखे करतात, ढेकळं फोडतात, पाणी मारून रोलर फिरवतात. फक्कीनं सीमारेषा आखली जाते, मंडप उभा राहतो, टेबलावर चषक मांडले जातात. टेनिस चेंडूचा खेळ, चार-पाच षटकांचा सामना. पुष्कळ स्पर्धांत नियमच असतो, एक गाव एक संघ. त्यामुळे बाहेरचा खेळाडू पैसे देऊन आणायची सोय नाही. गावात जो जन्मला, वाढला, तोच गावासाठी खेळणार.

गेल्या काही वर्षांत या सामानात एका वस्तूची भर पडली आहे. गोलंदाजाच्या पाठीमागं, सीमारेषेबाहेर बांबूचं मचाण बांधतात. त्यावर कॅमेरा असतो आणि खाली मंडपात एक लॅपटॉप. टॉस उडायच्या आधी यूट्यूबची लिंक गावच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलेली असते. आज मला या थेट प्रक्षेपणाबद्दल बोलायचं आहे, कारण गावच्या खेळात माझ्या पाहण्यात आलेला हा सगळ्यात मोठा बदल आहे आणि त्याची दखल फार कमी घेतली गेली आहे.

मचाणावरच्या मुलाचं काम जवळून पाहावं. रात्रीचे सामने असले की दव पडतं, दोन षटकांनी भिंग धूसर होतं. तो खिशातल्या फडक्यानं ते पुसतो, कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी ओढतो. प्रकाशझोताच्या कडेला गेलेला चेंडू पडद्यावर दिसेनासा होतो, म्हणून मुरलेला कॅमेरावाला चेंडूच्या मागं धावतच नाही. तो फलंदाजाचा पुढचा पाय आणि खांदा बघतो. खांदा उघडला की चेंडू मिडविकेटवरून जाणार हे त्याला आधीच कळतं आणि कॅमेरा हळूच तिकडं वळतो. नवखा मुलगा गडबडतो. तो झूम करतो आणि आपल्याला नुसतं काळं आभाळ दिसत राहतं.

खालच्या लॅपटॉपवाल्याची चिंता वेगळी असते. चित्र बाहेर पाठवायला अपलोडचा वेग लागतो. बरं चित्र हवं तर सेकंदाला तीन-चार मेगाबिट तरी सलग मिळायला हवेत. सकाळच्या पहिल्या सामन्याला ते मिळतात. अंतिम सामन्याला मात्र सगळा गाव मैदानात जमतो, प्रत्येकाच्या हातात फोन असतो, सगळे फोन एकाच टॉवरला लागलेले असतात आणि नेमकं तेव्हाच चित्र अडकतं. म्हणून शहाणी मंडळं दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं ठेवतात, किंवा मैदानाशेजारच्या घरातून फायबरची वायर ओढून आणतात. २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, तेव्हाच हे सगळं शक्य झालं. त्याआधी असं प्रक्षेपण करायचं म्हटलं असतं तर खर्च कुठल्याच गावमंडळाच्या आवाक्यातला नव्हता.

आणि बघतं कोण? पहिला प्रेक्षक वसाहतीतला कामगार. रासायनिक कारखान्यांत मोबाइल आत नेता येत नाही, तो गेटवर जमा करावा लागतो. सेकंड शिफ्टचा माणूस रात्री अकराला सुटतो, घरी येऊन जेवायला बसतो आणि ताटासमोर फोन उभा करून गावचा सामना पहिल्या चेंडूपासून बघतो. निकाल कुणी सांगू नये म्हणून ग्रुप उघडतच नाही. दुसरा प्रेक्षक नोकरीसाठी आखातात गेलेला. तिसरा प्रेक्षक म्हणजे लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेली बहीण. तिला मैदानावर येऊन बसणं पूर्वीही फारसं जमत नव्हतं, पण आता भाऊ फलंदाजीला आला की ती जव्हारला बसून त्याला बघते. या प्रेक्षकांची मोजदाद व्ह्यूजच्या आकड्यात होते, पण त्यांचं नातं त्या आकड्यात मावत नाही.

थेट म्हटलं तरी चित्र काही सेकंद मागं असतं. मैदानालगतच्या घरांत याची गंमत अनुभवायला मिळते. आधी मैदानावरून आरडाओरडा ऐकू येतो आणि मग फोनवर गोलंदाज धावत येताना दिसतो. विकेट पडली हे घरातल्या आजीला कळलेलं असतं, फक्त कुणाची आणि कशी ते पाहायचं बाकी असतं.

रेडिओवरून बोलतो आहे, म्हणून समालोचनाबद्दल थोडं अधिक बोलायलाच हवं. मराठीतून क्रिकेटचं धावतं वर्णन आकाशवाणीवर रुळवलं ते बाळ ज. पंडित यांनी. स्वतः रणजी खेळलेला माणूस. ऐकणाऱ्याला मैदान दिसत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून क्षेत्ररक्षक कुठं उभा आहे, चेंडू कुठं पडला, फलंदाज पुढं आला की मागं गेला, हे सगळं ते शब्दांतून दाखवत. आज गावच्या मैदानावर माइक धरणारे काही समालोचक फार गुणी आहेत. आगरी, वाडवळी, मांगेली बोलीचा बाज त्यांच्या बोलण्यात सहज येतो, आणि कुठल्याही मोठ्या वाहिनीवर ही बोली खेळाच्या संदर्भात ऐकू येत नाही. पण कॅमेरा आला म्हणून वर्णन करायचं काम संपलं असं काहींना वाटतं आणि ते फक्त बक्षिसं देणाऱ्यांची नावं वाचत राहतात. देणगीदारांचे आभार जरूर मानावेत. पण रिक्षा चालवताना, जाळं विणताना, भाकऱ्या थापताना हा सामना नुसता ऐकणारे कितीतरी लोक आहेत. त्यांच्यासाठी प्रत्येक चेंडू अजूनही सांगावा लागतो.

आता लोकांनी स्वतःच केलेल्या प्रक्षेपणाचं जरा दूरचं उदाहरण. अमेरिकेत डिस्क गोल्फ नावाचा खेळ आहे. फ्रिसबीसारखी तबकडी फेकत फेकत, साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत घालायची. साधारणपणे अठरा टोपल्या असतात आणि ज्याच्या फेकी सगळ्यात कमी तो जिंकतो. या खेळाची व्यावसायिक संघटना १९७६ मध्ये एड हेड्रिक यांनी काढली, पण मोठ्या टीव्ही कंपन्यांना बराच काळ त्यात रस नव्हता. मग खेळावर जीव असलेल्या लोकांनीच कॅमेरे उचलले. आघाडीच्या चार खेळाडूंबरोबर जंगलातून चालत चित्रण करायचं, रात्रभर जागून संकलन करायचं आणि दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर टाकायचं. थेट प्रक्षेपणही होऊ लागलं. क्रिकेटला एका मचाणावरून बराच खेळ दिसतो, तिथं मात्र मैदान झाडीत दूरवर पसरलेलं असतं, त्यामुळे कॅमेऱ्याला खेळाडूबरोबर पायपीट करावी लागते आणि बाकीच्या खेळाडूंची खबर ॲपवरच्या आकड्यांतून घ्यावी लागते.

२०२१ मध्ये यूटा राज्यातल्या ऑग्डेन शहरात जागतिक स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. पाच वेळा जगज्जेता झालेला पॉल मॅकबेथ एका फेकीनं पुढं होता. अखेरच्या टोपलीपासून जेम्स कॉनराड २४७ फुटांवर उभा होता. त्यानं तबकडी फेकली ती थेट साखळ्यांत. बरोबरी झाली आणि जादा टोपलीवर कॉनराड जिंकला. ती फेक जगभर दाखवली गेली, अमेरिकेतल्या बड्या क्रीडावाहिनीनंही ती दाखवली. तिथं कॅमेरा होता म्हणून हे झालं.

आपल्याकडे असे किती क्षण कॅमेऱ्यावाचून गेले असतील! आपल्या पालघरचा शार्दूल ठाकूर बोईसरच्या तारापूर विद्यामंदिरात शिकला. प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेत भरला, त्यांच्या शाळेत बोरिवलीला गेला आणि हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेच्या सामन्यात त्यानं एका षटकात सहा षटकार मारले. ते षटक आपण आजही तोंडी सांगतो. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीत त्यानं ६७ धावा केल्या, वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावांची भागी रचली, सामन्यात सात बळी घेतले, ते मात्र आपण हवं तेव्हा पुन्हा बघू शकतो. पालघरहून किटबॅग घेऊन मुंबईची गाडी पकडणाऱ्या त्या मुलाचे सुरुवातीचे दिवस बघायची सोय नाही. आज सालवडच्या खाचरात खेळणाऱ्या मुलाची ती सोय आहे.

टेनिस क्रिकेटला आता मोठ्या मंचावरही जागा मिळाली. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव मैदानावर इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग भरली, दहा षटकांचे सामने टीव्हीवर दिसले. अशा स्पर्धेला प्रेक्षक मिळतो तो काही एका महिन्यात तयार झालेला नसतो. गावोगावच्या मचाणांनी तो वर्षानुवर्षं घडवला आहे, असं माझं ठाम मत आहे.

पण एका बाबतीत ते तबकडीवाले आपल्या पुढं आहेत. तिथं संघटनेच्या सभासदाला एक क्रमांक मिळतो आणि तो जन्मभर त्याचाच राहतो. त्या क्रमांकावर त्याची प्रत्येक अधिकृत स्पर्धा नोंदलेली असते. आपल्याकडे क्रिकहिरोज हे अहमदाबादचं ॲप आहे, चेंडूगणिक धावफलक त्यात भरता येतो, बरीच मंडळं ते वापरतातही. पण नावाच्या जागी काय भरलेलं असतं? पप्या, बाळ्या, नाहीतर नुसता जर्सीचा आकडा. पाच वर्षांनी त्या पप्याची खेळी कुणी शोधायची? मुलगा क्लबच्या निवड चाचणीला गेला, तर काय दाखवायचं? शाळेतल्या मुलींना स्कोअरिंग शिकवावं, असं मी इथल्या मंडळांना नेहमी सांगतो. त्या नीटनेटकं काम करतात, पूर्ण नावं विचारून घेतात आणि अजून मैदानावर त्यांना दुसरी जागा आपण दिलेलीही नाही.

आणखी एक गोष्ट फार जिवाला लागते. षटकार बसला की डीजेवर सिनेमाचं गाणं वाजतं. यूट्यूबची यंत्रणा ते गाणं ओळखते, हक्काचा दावा येतो आणि मग कुठं आवाज गायब होतो, कुठं अख्खा व्हिडिओच दिसेनासा होतो. त्या गाण्याबरोबर समालोचन जातं, मुलाचं नाव जातं, रात्रपाळीवाला सकाळी फोन उघडतो तर त्याला मुका सामना बघावा लागतो. यावर उपाय अवघड नाही. समालोचकाच्या माइकची वायर थेट लॅपटॉपला जोडावी आणि डीजेचा आवाज त्यात कमीत कमी येईल असे भोंगे फिरवून लावावेत. त्याहून चांगलं म्हणजे षटकाराला गावचा ढोल वाजवावा, तारपा वाजवावा. आपल्या पाड्यांवर तारपा वाजवणारी माणसं आहेत. त्यांना मानधन देऊन मंडपाशेजारी बसवा. मैदानावर फुंकलेल्या तारप्यावर कुठलीही कंपनी हक्क सांगायला येणार नाही, आणि मस्कतमध्ये बसलेल्या आपल्या माणसाला सामन्याबरोबर तोही ऐकायला मिळेल.