महाड नगरपालिकेचा ठराव आणि आपण

(युनियनच्या अभ्यासवर्गात शाखा सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिव उभा राहिला की पगार, पाळ्या आणि बदल्यांवर बोलणार, असे आपण गृहीत धरता. आज मी एका लहान शहराच्या नगरपालिकेविषयी बोलणार आहे. ते शहर म्हणजे महाड. आपल्यापैकी अनेकजण नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर स्थायिक झाले आहेत, म्हणून सांगतो. महाड रायगड जिल्ह्यात सावित्री नदीच्या काठी आहे. कोकण रेल्वेने जायचे तर वीर स्टेशनवर उतरावे लागते.

चवदार तळ्याचा सत्याग्रह आपणा सर्वांना ठाऊक आहे. पण त्या सत्याग्रहाच्या आधी नगरपालिकेचा एक ठराव झाला होता. तो झाला, पडून राहिला आणि शेवटी रद्दही झाला. ही हकिकत युनियनच्या माणसाने नीट समजून घेतली पाहिजे, कारण ठराव, करार आणि परिपत्रके यांतच आपले निम्मे आयुष्य जाते.

आधी नगरपालिका आल्या कुठून ते पाहू. १८५० च्या कायद्याने गावातल्या लोकांनी मागणी केल्यास नगरपालिका स्थापन करण्याची सोय झाली. सुरुवातीला कारभार सरकारी अधिकारी आणि सरकारने नेमलेले प्रतिष्ठित लोक यांच्याच हाती असे. १८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपनच्या सरकारने स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव केला आणि लोकनियुक्त सभासदांची वाट मोकळी झाली. पण लोक म्हणजे कोण? ज्याच्या नावावर घर किंवा मालमत्ता, जो ठराविक कर भरतो, तो मतदार. हमाल, झाडूवाला, मोलकरीण, शेतमजूर यांना मत नव्हते. ज्यांच्या घामावर शहर चालते त्यांचे नाव शहराच्या मतदारयादीत नव्हते.

महाड तालुक्यातलीच एक गोष्ट पाहा. लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर अस्पृश्यतेविरुद्ध लिहीत आणि बोलत असत. १८९५ मध्ये त्यांना महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमले, तेव्हा बोर्डावरचे वरच्या जातींचे सभासद बिथरले. एक अस्पृश्य माणूस आपल्या शेजारी खुर्चीवर बसणार, एवढेच त्यांना सहन होईना. आज सभागृहात आपण कुणाच्याही शेजारी बसतो, पण त्या खुर्चीचीही किंमत कुणीतरी मोजलेली आहे.

आता मूळ विषय. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने आणि कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. पुढच्याच महिन्यात सरकारने खात्यांना तशा सूचना दिल्या. त्याला अनुसरून जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने ठराव केला की, आपल्या ताब्यातील तळे अस्पृश्यांना वापरू देण्यास हरकत नाही.

ठराव चांगला होता. तो करणारी माणसेही सारीच वाईट नव्हती. नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविलेले सुरेंद्रनाथ उर्फ सुरबानाना टिपणीस हे स्वतः सवर्ण असूनही पुढे सत्याग्रहात बाबासाहेबांच्या बरोबर उभे राहिले. पण ठराव झाल्यावर काय घडले? काहीच नाही. तळे गावाच्या मध्यभागी, सभोवती सवर्णांची घरे. तेथे मुसलमान पाणी भरीत, गुरेढोरे पाणी पीत. खेड्यांतून बाजाराला येणाऱ्या अस्पृश्य माणसाला मात्र घसा कोरडा ठेवून परत जावे लागे. पाण्याला हात लावला तर मार बसेल हे त्याला ठाऊक होते, आणि नगरपालिकेच्या दप्तरातला कागद त्याच्या पाठीवरची काठी अडवणार नव्हता. ऑगस्ट १९२६ मध्ये बोल्यांनी दुसरा ठराव आणला की, अशी अंमलबजावणी न करणाऱ्या नगरपालिकांचे अनुदान रोखावे. तरीही तळे बंदच राहिले. कागदी घोडे म्हणतात ते हेच.

मग १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिच्या तयारीत रामचंद्र बाबाजी मोरे यांनी पुढाकार घेतला. हेच कॉम्रेड मोरे पुढे कामगार चळवळीत आयुष्यभर राबले, हे या पत्रिकेच्या वाचकांनी लक्षात ठेवावे. परिषदेला जमलेल्या लोकांना पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तळे नगरपालिकेचे, ठराव नगरपालिकेचा, आणि पाणी विकत! २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून हजारो माणसे शिस्तीने तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. नगरपालिकेने तीन वर्षांपूर्वी जे कागदावर दिले होते, ते त्या दिवशी लोकांनी स्वतःच्या ओंजळीने घेतले.

पुढचे आपण जाणता. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या निःशस्त्र लोकांवर हल्ले झाले. तळे बाटले म्हणून पंचगव्याच्या घागरी ओतून ते 'शुद्ध' करण्यात आले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने १९२४ चा आपला ठराव रद्द केला. तारीख पाहा. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती.

मित्रहो, इथे जरा थांबू या. ज्या सभागृहाने हक्क दिला त्याच सभागृहाने तो काढून घेतला. कागद पडून होता तोवर कुणाला तो रद्द करण्याची गरज वाटली नाही. लोकांनी तो खरा मानून वापरला, तेव्हा तो रद्द झाला.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. मंडपासाठी महाडात कुणी हिंदू जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. तेवढ्यात गावातल्या काही सवर्णांनी तळे खासगी असल्याचा दावा लावून १४ डिसेंबरला कोर्टाकडून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. २५ डिसेंबरला परिषदेने मनुस्मृतीचे दहन केले. तळ्यावर मात्र बाबासाहेबांनी लोकांना नेले नाही. लोक तयार होते, संतापलेले होते. तरीही कोर्टाचा हुकूम मोडून सरकार अंगावर ओढून घेण्यापेक्षा दावा लढवायचा, असा निर्णय झाला. मनाईहुकूम म्हणजे काय असतो हे संप केलेल्या माणसाला सांगायला नको. कधी पुढे जायचे आणि कधी थांबून लढायचे, हे ठरवण्याला फार मोठी हिंमत लागते.

तो दावा खालच्या कोर्टांतून चढत मुंबई हायकोर्टात गेला. १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला. तळ्यावरचा खासगी हक्काचा दावा टिकला नाही, आणि अस्पृश्यांना मनाई करणारी अनादी काळापासूनची वहिवाटही फिर्यादींना सिद्ध करता आली नाही. ओंजळभर पाण्यापासून निकालापर्यंत दहा वर्षे गेली, त्याला फक्त तीन दिवस कमी. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात सार्वजनिक विहिरी, तलाव, घाट आणि रस्ते यांच्या वापराबाबत धर्म, जात, लिंग यांवरून भेद करता येणार नाही असे लिहिले गेले. नगरपालिकेने जे रद्द केले ते देशाने घटनेत लिहिले.

आपला याच्याशी संबंध काय, असे कुणी विचारील. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तेथे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणारी वृत्ती, असेही त्यांनी स्पष्ट केले. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागला की गँगमन म्हणूनच निवृत्त होतो, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात आणि तेथे अस्पृश्य चालत नाही, हे त्यांनी रेल्वे कामगारांसमोर मांडले. तळ्यावरची भिंत रेल्वेच्या आवारातही होती.

ती आज पूर्ण पडली आहे असे मी म्हणणार नाही. माझ्या एका जुन्या शाखेच्या गावी स्टेशनवर ठेकेदारीत झाडलोट करणारी माणसे रुळालगतच्या वस्तीत राहत. तेथे नळ देण्याचा ठराव नगरपालिकेने केला होता. नळ आला नाही. ती माणसे आमच्या वसाहतीच्या नळावर पाणी भरायला येऊ लागली, तेव्हा आमच्याच काही सभासदांनी तक्रार केली. मी सचिव असून गप्प बसलो. पुढे वस्तीतल्या एका बाईने मला विचारले, "साहेब, मोर्चाला आम्ही चालतो, नळाला का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यानंतर आम्ही माहितीच्या अधिकारात ठरावाची नक्कल मागितली. अंदाजपत्रकात त्यासाठी एक पैसाही धरलेला नव्हता. वस्तीतल्या लोकांसह वारंवार अर्ज दिले, सर्वसाधारण सभेच्या दिवशी दारात उभे राहिलो, आणि मग नळ आला. यात मोठेपणा काही नाही. उशीर केल्याची लाज आहे.

आज नगरपालिकेत प्रत्येक प्रौढ नागरिकाला मत आहे. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने पाच वर्षांची मुदत, राज्य निवडणूक आयोग, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि महिलांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये महिलांचा वाटा निम्मा केला. तरीही मुदत संपलेल्या अनेक नगरपालिकांवर वर्षानुवर्षे प्रशासक बसले, आणि महाराष्ट्रात डिसेंबर २०२५ मध्ये कुठे मतदान झाले. घटनेतील कलमसुद्धा कुणी मागितल्याशिवाय चालत नाही.

आपण सरकारी नोकर. वर्तणूक नियमांमुळे आपल्याला नगरसेवक होता येत नाही, प्रचारही करता येत नाही. पण मत देता येते. ठरावाची नक्कल मागता येते. अंदाजपत्रकात तरतूद आहे की नाही ते पाहता येते. बदलीच्या गावी मतदारयादीत नाव घालता येते. बदली होणारच, म्हणून ते गाव आपले नाही असे मानू नका. जिथे आपली मुले पाणी पितात ते गाव आपलेच.

प्रत्येक शाखेने येत्या महिन्यात एवढेच करावे. आपल्या नगरपालिकेने गरीब वस्त्यांसाठी केलेला एक जुना ठराव शोधावा, त्याचे पुढे काय झाले ते वस्तीत जाऊन पाहावे आणि पुढच्या सभेत सांगावे. सुरुवात मात्र आपल्या वसाहतीच्या नळापासून करावी.

कामगार एकजुटीचा विजय असो! जय हिंद, जय भीम.