पॉइंट कुठे जातो?



कोल्हापूर जिल्ह्यात रोज सकाळ-संध्याकाळ रसायनशास्त्राच्या जितक्या चाचण्या होतात, तितक्या इथल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांत वर्षभरातही होत नसाव्यात. त्या होतात गावोगावच्या दूध संस्थांत. 1963 साली स्थापन झालेला गोकुळ दूध संघ असो की वारणा, दुधाचा पैसा फॅटवर ठरतो. म्हशीच्या दुधाचा दर 6.0 फॅट आणि 9.0 एसएनएफ (म्हणजे चरबी सोडून उरलेले घन पदार्थ) धरून, गाईचा 3.5 आणि 8.5 धरून. त्याच्या वरखाली एकेक पॉइंटाचा हिशोब. पॉइंट म्हणजे 0.1 टक्का. म्हणून घरी किटली परत आली की पहिला प्रश्न, ‘‘आज फॅट किती लागली?’’ आणि कमी लागली की सगळा राग संस्थेतल्या फॅट मोजणाऱ्या मशीनवर.

मशीनच्या आधीची पद्धत पाहू. निक्लाउस गर्बर या स्विस रसायनतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बसवली. काचेच्या ब्युटिरोमीटरमध्ये आधी 10 मिलिलिटर गंधकाम्ल, मग 10.75 मिलिलिटर दूध, वर 1 मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. दूध कडेकडेने सोडायचं, एकदम ओतायचं नाही. बूच लावून हलवलं की नळी हाताला चटका देते, म्हणून ती फडक्यात धरतात. आम्लात प्रथिनं विरघळतात आणि मोकळी झालेली चरबी यंत्रात फिरवल्यावर मानेत चढते. 65 अंशांच्या पाण्यात नळी ठेवून आकडा वाचायचा. चरबीचा थर गवती पिवळा आणि स्वच्छ हवा. त्यात काळे कण दिसले तर आम्ल जास्त तीव्र. खाली पांढरट गुठळ्या राहिल्या तर आम्ल सौम्य पडलंय. राधानगरी, गगनबावड्याकडच्या पावसाळ्यात आम्लाची बाटली उघडी ठेवून बघा. गंधकाम्ल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि सौम्य होत जातं.

अमाइल अल्कोहोल भेसळीचं असेल तर तेही चरबीच्या थरात मिसळून आकडा फुगवतं. यावर एक जुना, बिनखर्चाचा उपाय आहे. दुधाच्या जागी नुसतं पाणी घालून तीच चाचणी करायची. चरबीची रेघ उमटली, तर दोष रसायनाचा. ही कोरी चाचणी नवी बाटली उघडताना प्रत्येक वेळी व्हायला हवी.

आता बहुतेक ठिकाणी ध्वनिलहरींवर चालणारं मशीन आलंय. मिनिटभरात छापील चिठ्ठी मिळते, आम्लाचा चटका नाही, सोय मोठी. पण हे मशीन फॅट वेगळी काढून मोजत नाही. दुधातून ध्वनी कसा जातो ते पाहून हिशोबाने फॅट सांगतं, आणि तो हिशोब त्याला आपणच शिकवलेला असतो. गाईचा हिशोब म्हशीला चालत नाही. दूध आंबट असेल, त्यात हवेचे बुडबुडे असतील, आदल्या दुधाची साय नळीत चिकटली असेल, तर आकडा सरकतो. चिठ्ठीवर 6.37 छापलं म्हणून शेवटच्या 7 वर विश्वास ठेवायचं कारण नाही. तेच दूध तीनदा घालून तीनदा तोच आकडा आला, तरी तो खरा ठरत नाही. पाच मिनिटं मागे पडलेलं घड्याळही रोज तितकंच मागे असतं. चूक कधी शेतकऱ्याकडे, कधी संस्थेकडे झुकत असेल तर महिन्याच्या बिलात ती बरीचशी फिटते. रोज एकाच बाजूला झुकणारा एक पॉइंट मात्र कधीच फिटत नाही. म्हणून मशीनचा आकडा ठराविक दिवसांनी गर्बरशी ताडून बघायचा. गर्बर पद्धत स्वतः ताडायची ती रोझ-गॉटलिब पद्धतीशी. तिथे ईथरने चरबी काढून, ती वाळवून तराजूवर तोलतात. वेळखाऊ काम, पण शेवटी वजनच खरं.

माझ्या मते मात्र सर्वांत जास्त पॉइंट हरवतात ते मशीनपर्यंत पोचायच्या आधी, नमुना घेताना. धारेच्या सुरुवातीचं दूध पातळ, शेवटच्या धारांत चरबी कितीतरी जास्त. शेवटच्या धारा रेडकाला सोडल्या, तर फॅट घरीच कमी झाली. दूध थोडा वेळ उभं राहिलं की साय वर येते. मग टेस्टरने वरच्यावर माप बुडवलं तर आकडा वाढतो, तळातून घेतलं तर घटतो. कॅन तळापासून वरपर्यंत ढवळायला अर्धं मिनिट लागतं. पण मागे रांग असते, एसटीची वेळ झालेली असते, आणि नेमकं तेच अर्धं मिनिट वाचवलं जातं. दुधाची घनता, म्हणजे डिग्री, बघणाऱ्या लॅक्टोमीटरचंही तसंच. नुकत्याच काढलेल्या दुधात हवा असते, शिवाय त्याची घनता थोड्या वेळाने वाढते. ताज्या दुधात पाणी नसतानाही डिग्री कमी दिसते, आणि उगाच संशय माणसावर जातो.

तुम्हाला शंका असेल तर भांडायच्या आधी एवढं करा. नीट ढवळलेल्या एकाच दुधाच्या दोन बाटल्या काठोकाठ भरा. एक संस्थेत तपासा. दुसरी बर्फात ठेवून त्याच दिवशी दुसरीकडे गर्बरने तपासून घ्या. तपासणाऱ्याला नमुना कोमट करून, हलक्या हाताने वरखाली करून मगच पिपेटमध्ये घ्यायला सांगा. एखाद्या दिवशी फरक एक पॉइंटाचा आला तर सोडून द्या, तेवढा गर्बरमध्येही येतो. पण तो तीन-चार दिवस ओळीने आणि एकाच बाजूला येत असेल, तर आकडे तारखांसह लिहून सचिवांकडे द्या आणि मशीन शेवटचं कधी ताडलं त्याची वही मागा.