वही कुठं ठेवायची?

कुणाची भांडी चालली असतील, कुणी वावरात असाल. आज आम्ही हप्ता, व्याज, बँक यावर बोलणार नाही. आज बोलायचंय लिहिण्यावर.

हसू नका. आमच्या गटात दहा जणी आहोत. त्यातल्या चौघी दरसाल दिवाळीच्या सुमाराला उचल घेऊन कोयत्यावर जातात. दोन वर्षांमागं एकीनं गटाच्या ठराव वहीत, मागच्या पानावर काहीतरी लिहिलेलं दिसलं. बँकेचे साहेब वही बघतात, म्हणून आम्ही आधी रागावलोच. मग वाचलं. रात्री गाडी भरायला उठताना झोपलेलं लेकरू कोपीत एकटं सोडावं लागतं, तेव्हाचं तिनं लिहिलं होतं. वाचून कुणीच बोललं नाही.

मग ठरलं, ज्यांना लिहायचंय त्यांनी वेगळी वही करायची. पाच वह्या आल्या अन् तीन महिन्यांत बंद पडल्या. एक पावसात भिजली, एक चुलीत गेली. एकीला घरधनी म्हणाले, "घरात पीठ नाही अन् तू गोष्टी लिहितीस." ते खोटं नव्हतं. पीठ खरंच नव्हतं.

तेव्हा बैठकीत आम्ही फलटणच्या बेबीताई कांबळे यांची हकीकत सांगितली. शिक्षण थोडं, लग्न लहानपणीच. दहा बाळंतपणं झाली, तीन लेकरं गेली. घर चालवायला छोटं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला रद्दी यायची, ती त्या आधी वाचायच्या. गिऱ्हाईक नसलं की लिहायच्या. नवऱ्याच्या धाकानं ते लिखाण घरात कुणाचा हात जाणार नाही अशा जागी दडवायच्या. असं वर्षानुवर्षं चाललं. पुढं फलटणला राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांना ते कळलं अन् त्यांनी छापायचा आग्रह धरला. 1982 मध्ये 'स्त्री' मासिकातून ते क्रमशः आलं. 1986 मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. 2008 मध्ये ते इंग्रजीतही गेलं.

ऐकून एक काकू म्हणाल्या, "तिला एकटीला दडवावं लागलं. आपण तर दहा जणी आहोत." त्यातनं वाट निघाली. वह्या आता गटाच्या पेटीत राहतात, पैशाच्या शेजारी, कुलपात. बैठक झाली की अर्धा तास लिहायचं. जिला वाटेल तिनं वाचायचं. ऐकलेलं दाराबाहेर न्यायचं नाही. हा अर्धा तास कुणाच्या घरच्या कामातून चोरलेला नाही, बैठकीला तर आम्ही येतोच.

अक्षर येत नाही म्हणून मागं राहू नका. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरच्यांनी उतरून घेतल्या अन् त्या गेल्यावर, 1952 मध्ये, पुस्तक निघालं. आमच्या फडावरच्या बाया मोबाईलवर बोलून पाठवतात, गावातली कॉलेजची पोरगी उतरवते. अट एकच, शब्द बदलायचा नाही. 'लई' म्हटलं तर 'लई'च लिहायचं.

हे एवढं कशासाठी? 2019 मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशवीच्या ऑपरेशनची बातमी देशभर झाली. सरकारनं समिती नेमली, घरोघर माहिती गोळा झाली, आकडे छापून आले. पत्रकारांनी लिहिलं ते चांगलंच झालं. पण ऑपरेशन झाल्यावर पुन्हा मोळी डोक्यावर घेताना काय होतं, हे त्या बाईनं स्वतः लिहिलेलं आमच्या वाचनात आलं नाही. आपलं दुखणं, अन् त्यावर सही दुसऱ्याची.

लिहून घर चालेल असं सांगून आम्ही कुणाला फसवणार नाही. बेबीताईंनीही दुकान सोडलं नव्हतं. शेळी, शिलाई, रोजगार चालूच ठेवा. लेकरू आजारी असेल तर वही मिटा, त्यात अपराध नाही. फक्त ती परत उघडता येईल अशा जागी असू द्या.

आमच्या पाचपैकी तीन वह्या पुन्हा सुरू झाल्या. दोघी अजून नाही म्हणतात. त्यांच्या कोऱ्या वह्याही आम्ही पेटीतच ठेवल्यात. तुमच्या गटाच्या पेटीतही जागा असेल. पुढच्या बैठकीला एक वही घेऊन या. रामराम.