भेटवस्तू सुतीच हवी

धाराशिव जिल्ह्यातील तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी परिचित आहे. दारूकामात एका ठिणगीलाही क्षमा नसते.

दरवर्षी 4 मार्च रोजी राष्ट्रीय सुरक्षा दिन पाळला जातो. 1966 साली याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. या निमित्ताने ठिकठिकाणच्या उद्योगांत संस्थेचे नाव व घोषवाक्य छापलेले बिल्ले, टोप्या, सदरे वाटले जातात. हेतू स्तुत्यच आहे. परंतु पॉलिएस्टरचा असा सदरा घालून कामगार दारू भरावयास बसला तर? घर्षणाने त्या कापडात स्थिर विद्युत साचते आणि हवा कोरडी असली म्हणजे तिची सूक्ष्म ठिणगीही मिश्रण पेटविण्यास पुरेशी होते. ‘सुरक्षितता प्रथम’ असे छातीवर मिरविणारा सदराच घातास कारण व्हावा, ही केवढी विटंबना! लोखंडी किल्लीसाखळीही तेथे तितकीच अनिष्ट. म्हणून तर या कामात लाकडी वा पितळी अवजारे वापरतात.

भेट द्यावयाचीच तर जाड सुती ॲप्रन द्यावा. दिवाळीत विक्रेत्याने गिऱ्हाइकास कापडी पिशवी द्यावी. तिच्यावर दुकानाचे नाव बारीक आणि सूचना ठळक असाव्यात: पाण्याची बादली जवळ ठेवा, न उडालेला फटाका पुन्हा पेटवू नका. शिक्षकांनी ती पिशवी वर्गात मुलांकडून वाचून घ्यावी. पंचायतीने अशा वस्तूंची मागणी नोंदविताना दराबरोबर कापडही विचारावे. ॲप्रनला खिसा मात्र नसावा. खिसा आला की काडेपेटी येते, हल्ली मोबाइलही येतो.