बरका फणस कुजायला सोडू नका

कोकणातल्या एका बचत गटातल्या आम्ही बायका आज तुमच्याशी फणसाबद्दल बोलणार आहोत. कागद-पेन जवळ असेल तर घेऊन बसा. हात कामात असतील तर नुसतं ऐका, मुख्य प्रमाणं आम्ही दोनदा सांगू.

मे महिना अर्धा सरला की आमच्याकडे वाडीवाडीत एकच वास असतो, पिकल्या फणसाचा. कापा फणस असेल तर त्याला गिऱ्हाईक मिळतं. व्यापारी येतो, झाडावरच सौदा करून घेऊन जातो. बरका मात्र कोणी विचारत नाही. त्याचे गरे मऊ, बुळबुळीत, हातातून निसटणारे. घरात दोन दिवस खाऊन होतात, मग पोरंही नको म्हणतात. बाकीचे फणस झाडाखाली पडून फुटतात, माश्या घोंघावतात, गुरं खातात. त्यातच जूनमध्ये पाऊस येतो आणि पावसाचं पाणी प्यायलेला फणस फिका लागतो. म्हणजे आपल्या हातात दिवस थोडेच असतात. म्हणून आज आम्ही मुख्यतः बरक्याबद्दल सांगणार आहोत. गोव्यात त्याला रसाळ म्हणतात आणि हे नाव अगदी योग्य आहे. त्याचा रस निघतो, आणि सगळे पदार्थ त्या रसातूनच होतात.

आधी फणस ओळखायचा कसा? पिकत आलेल्या फणसाचे काटे चपटे होतात आणि एकमेकांपासून लांब जातात. बोटांनी ठोकलं तर आवाज भरीव न येता पोकळ, बसका येतो. वास तर अंगणात आल्याबरोबर कळतोच. फणस वरून खाली टाकू नका, दोरीने सोडा. आपटलेला फणस आतून लवकर आंबतो.

फोडायच्या आधी हातांना आणि कोयतीला खोबरेल तेल लावा, खाली जुनं गोणपाट किंवा केळीची पानं घाला. बरका पूर्ण पिकला असेल तर कोयती लागतही नाही, देठ ओढून हातानेच उकलतो. चीक लागलाच तर पाण्याने धुवायला जाऊ नका, तो आणखी चिकटतो. आधी तेल चोळा, मग साबण.

आता रस काढू. गरे वेगळे करा, आठळ्या काढून एका भांड्यात बाजूला ठेवा. त्या टाकायच्या नाहीत, त्यांचं पुढे सांगतो. आपल्या आज्या बांबूच्या रोवळीत गरे घालून हाताने घोळायच्या, खाली रस पडायचा आणि दोरे वर राहायचे. आजही रोवळीसारखं दुसरं काही नाही. नसेल तर पुरणाची चाळण घ्या. मिक्सर वापरला तर दोरे बारीक होऊन रसातच राहतात आणि पदार्थ चावताना दातात येतात. म्हणून मिक्सर लावलाच तर नंतर रस गाळून घ्या. काढलेला रस तासाभरात वापरायला घ्या. उन्हाळ्यात तो लगेच आंबू लागतो.

पहिला पदार्थ सांदणं. यासाठी तांदूळ धुऊन कपड्यावर सावलीत सुकवा, मंद आचेवर हाताला गरम लागतील इतके भाजा आणि जाडसर रवा काढा. आता प्रमाण ऐका. तांदळाचा रवा दोन वाट्या, फणसाचा रस दोन वाट्या, ओलं खोबरं एक वाटी, चिरलेला गूळ अर्धी वाटी, चिमूटभर मीठ. पुन्हा सांगतो. रवा दोन, रस दोन, खोबरं एक, गूळ अर्धी वाटी, मीठ चिमूटभर. फणस फार गोड असेल तर गूळ आणखी कमी करा. सगळं कालवून झाकून ठेवा, निदान तासभर. रवा रस पितो आणि पीठ घट्ट होतं, मग नारळाचं दूध किंवा पाणी घालून इडलीच्या पिठाइतकं सरसरीत करा. वाट्यांना तूप लावून अर्ध्याच्या थोडं वर भरा आणि पंधरा ते वीस मिनिटं वाफवा. हळदीचं पान मिळत असेल तर खाली घाला, त्याचा वास फणसाच्या वासाला साजतो. गूळ घातलेल्या नारळाच्या दुधाबरोबर गरम गरम वाढा. तासभर मुरवल्याशिवाय वाफवायला ठेवू नका, नाहीतर रवा कचकचीत राहतो.

दुसरा पदार्थ धोंडस. हा आपल्या कोकणाचा केक. एरवी तो तवशाचा, म्हणजे मोठ्या काकडीचा करतात, पण फणसाचाही उत्तम होतो. गोव्यात त्याला धोणस म्हणतात. यात मैदा नाही, अंडं नाही, सोडा नाही. ओव्हनही लागत नाही, कारण आपल्या चुलीवर खालून-वरून विस्तव देण्याची रीत पूर्वीपासून आहे.

प्रमाण असं. गव्हाचा जाडा रवा दोन वाट्या, रस दोन वाट्या, गूळ पाऊण ते एक वाटी, ओलं खोबरं एक वाटी, तूप चार चमचे, अर्धी वाटी दूध किंवा पाणी, चिमूटभर मीठ, वेलची आणि मूठभर काजूचे तुकडे. पुन्हा सांगतो. रवा दोन, रस दोन, गूळ पाऊण ते एक, खोबरं एक, तूप चार चमचे, दूध अर्धी वाटी. रवा तुपावर खमंग भाजा, पण लाल करू नका. रस आणि गूळ एकत्र करून गूळ विरघळेपर्यंतच गरम करा, मग गार होऊ द्या. त्यात बाकीचं सगळं घालून तासभर झाकून ठेवा. पीठ फार घट्ट झालं तर थोडं दूध घाला, चमच्यातून जड पडेल इतपत पातळ हवं.

जाड बुडाच्या पातेल्याला तूप लावा, तळाशी हळदीचं किंवा केळीचं पान घाला आणि पीठ पाऊण पातेलं भरेल इतकं ओता. चुलीतला जाळ ओढून घ्या, खाली नुसते निखारे ठेवा. पातेल्यावर सपाट ताटली झाका आणि त्या ताटलीवरही निखारे पसरा. वरची आच खालच्यापेक्षा थोडी जास्त चालेल. कारण खालची बाजू लवकर करपते, वरची लवकर रंग धरत नाही. पाऊण तासाने सुरीचं टोक मधोमध खुपसून बघा. कोरडं निघालं की झालं. ओलं निघालं तर आणखी दहा मिनिटं द्या.

गॅसवर करायचं असेल तर कुकर घ्या. शिट्टी आणि झाकणाची रिंग दोन्ही काढा. तळाला जाड मीठ किंवा स्वच्छ वाळू पसरा, वर जाळी ठेवा, पाणी अजिबात घालू नका. दहा मिनिटं कुकर तापवून मग डबा आत ठेवा आणि मंद आचेवर पाऊण तास ते तास लागेल. वरून रंग फिका राहतो, पण भाजलं चांगलं जातं. धोंडस पूर्ण गार झाल्यावरच कापा, गरम कापलं तर भुगा होतो. दुसऱ्या दिवशी त्याची चव जास्त मुरते. पण ओलं खोबरं असल्यामुळे उन्हाळ्यात बाहेर दोन दिवसांवर ठेवू नका.

तिसरे घारगे. एक वाटी रस आणि अर्धी वाटी गूळ एकत्र गरम करा, चमचाभर तूप आणि मीठ घाला. गार झाल्यावर त्यात मावेल तेवढी कणीक आणि दोन चमचे तांदळाचं पीठ घालून घट्ट मळा. पुरीपेक्षा जाड थापून मध्यम आचेवर तळा. मोठी आच केली तर बाहेरून काळे आणि आतून कच्चे राहतात. हे दोन-तीन दिवस टिकतात, म्हणून आठवडी बाजारात न्यायला सोपे.

आता वर्षभर टिकणारी फणसपोळी. गाळलेला रस चाखून बघा, फिका असेल तर साखर घाला. ताटाला तुपाचा हात लावून रस डोशाइतका पातळ पसरा. वर मलमलचा कपडा बांधा आणि कडक उन्हात ठेवा. संध्याकाळी ताटं आत घ्या, दवात राहू देऊ नका. पहिला थर हाताला चिकटेनासा झाला की त्यावर दुसरा द्या. वरून सुकली की सोडवून उलटी करा. चांगलं ऊन असेल तर तीन-चार दिवस लागतात. पोळी दुमडली तर तुटू नये आणि चिकटूही नये. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मध्ये ढग आले तर अर्धवट सुकलेली पोळी तशीच ठेवू नका, बुरशी धरते. ती कढईत साखर घालून आटवा आणि वड्या थापा.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. आंब्याचा रस बाटलीत भरतात म्हणून फणसाचाही तसाच भरू, असं करू नका. आंब्यात आंबटपणा असतो, तो रस टिकवायला मदत करतो. फणसात तो फार कमी. नुसता उकळून बाटलीबंद केलेला फणसाचा रस वरून चांगला दिसला तरी आत विषारी होऊ शकतो. घरच्या घरी टिकवायचं तर तीनच वाटा आहेत. उन्हात सुकवा, भरपूर साखरेत आटवा, नाहीतर फ्रीझरमध्ये गोठवा.

आता बाजूला ठेवलेल्या आठळ्या. त्या धुऊन सावलीत दोन-तीन दिवस सुकवा. आपल्याकडे त्या लाल मातीत घोळवून कोरड्या जागी ठेवायची पद्धत आहे. पावसाळ्यात घराबाहेर पडणं कठीण होतं, भाजी महाग होते, तेव्हा हीच बेगमी कामी येते. टाकळ्याच्या भाजीत आठळ्या, अळूच्या फदफद्यात आठळ्या, सुक्या सुंगटांबरोबर आठळ्या. पोरांना मीठ घालून उकडून द्या किंवा चुलीत भाजून द्या. भाजताना सालीला चीर द्यायला विसरू नका, नाहीतर फटकन उडते. आठळ्या कच्च्या खाऊ नयेत, पचत नाहीत. उकडून, चिरून, कडकडीत वाळवून त्यांचं पीठही होतं. तीन वाट्या भाजणीत एक वाटी हे पीठ घालून थालीपीठ लावा, खुसखुशीत होतं.

घरात कोणाला साखरेचा आजार असेल तर यातले गोड पदार्थ त्यांना चवीपुरतेच द्या. घरचा गूळ, झाडचं फळ, म्हणून ते साखरेवर चालतं असं नाही.

शेवटी हिशोबाचं बोलू, कारण गटात आम्हांला सगळ्यांत जास्त वेळ त्यावरच बोलावं लागलं. फणसपोळी विकायला ठेवली की भाव काय लावायचा? बहुतेक बायका साखर आणि पिशवी एवढंच धरतात. फणस घरचा म्हणून फुकट, सरपण घरचं म्हणून फुकट, आणि हात घरचे म्हणून तेही फुकट. मग डझनभर पोळ्या विकून शंभर-दोनशे रुपये सुटले की वाटतं, फायदा झाला. खरं तर तो फायदा नसतो, आपलीच न दिलेली मजुरी असते. म्हणून आम्ही वहीत चार रकाने पाडले आहेत. एक फणसाचा, घरचा असला तरी त्याची किंमत लिहायची. दुसरा सामानाचा. तिसरा जळणाचा. चौथा तासांचा. फोडायला किती, रस काढायला किती, उन्हात राखायला किती. गावात बाईला दिवसाची जी मजुरी मिळते तीच धरायची. या चौघांची बेरीज ही खरी किंमत. भाव त्याच्या वर लागला पाहिजे. तेवढा भाव कोणी देत नसेल तर तो पदार्थ घरात खायचा आणि विकायला दुसरा निवडायचा. आणि पैसे येतील ते जिने तास भरले तिच्या नावावर पडले पाहिजेत, झाड कोणाच्या नावावर आहे ते नंतर.

विकायचं ठरवलं तर अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या. पाकिटावर गटाचं नाव, पदार्थात काय घातलं, वजन, बनवल्याची तारीख आणि कधीपर्यंत खावं हे लिहा. नोंदणी कुठे आणि कशी करायची ते उमेदच्या सीआरपी ताईंना किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारा. केरळने 2018 साली फणसाला राज्याचं फळ म्हणून जाहीर केलं. आपल्या परसातही तेच फळ आहे.

देशावरच्या मैत्रिणींनो, तुमच्या बाजारात सोललेले गरे येतात ते बहुतेक काप्याचे. त्यांचा रस निघत नाही, पण बारीक चिरून थोड्या दुधात वाटले तर धोंडस त्यांचंही होतं.

ज्यांच्या दारात झाड आहे त्यांना एकच सांगणं. या आठवड्यात गटाची बैठक कोणाच्या तरी बरक्याखाली घ्या. दोघी फणस फोडतील, दोघी रस काढतील, एक वही धरेल. पाऊस दारात आहे, मैत्रिणींनो. रोवळ्या बाहेर काढा.