मुदत संपण्याआधी



२०१६ सालच्या डिसेंबरात मी शिकागोजवळ माझ्या मुलीकडे होतो. बाहेर बर्फ पडत होता आणि माझा दहा वर्षांचा नातू तोंड फुगवून सोफ्यावर बसला होता. त्याच्या लाडक्या ‘शिकागो व्हाइट सॉक्स’ या बेसबॉल संघानं आपला सर्वांत चांगला पिचर, क्रिस सेल, बोस्टनच्या ‘रेड सॉक्स’ संघाला देऊन टाकला होता.

“आजोबा, आपण आधीच हरतोय. जो आपल्याला जिंकून देतो, त्यालाच कुणी देऊन टाकतं का?”

पिचर म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा, एवढंच माझं तेव्हाचं बेसबॉलचं ज्ञान. पण मी जन्मभर बँकेत नोकरी केलेली. “साहेब, मुदतठेव आत्ता मोडू की थांबू?” हे काउंटरवर मला किती जणांनी विचारलं असेल! नातवाचा प्रश्न मला त्याच जातीचा वाटला आणि मी त्यात रस घेऊ लागलो.

आपल्याकडे २०२३ मध्ये हार्दिक पांड्या गुजरातकडून पुन्हा मुंबईकडे आला, तेव्हा केवढी चर्चा झाली! अमेरिकेत असे व्यवहार नेहमीचेच. बहुतेक वेळा खेळाडूच्या बदल्यात खेळाडूच दिले जातात. हरणारा संघ आपला नावाजलेला खेळाडू देतो आणि जिंकू पाहणाऱ्या संघाकडून तीन-चार होतकरू पोरं घेतो. आज उपास, उद्या जेवण, असा हा हिशेब.

यातली मेख अशी. बेसबॉलच्या सर्वोच्च साखळीत आलेल्या खेळाडूवर साधारण सहा वर्षांच्या सेवेपर्यंत संघाचा हक्क असतो. नंतर तो मोकळा होतो आणि हवं तिथं जातो. मधल्या काळात लांब मुदतीचा करार झाला, तर ही मुदत वाढते. आपल्या मुदतठेवीचं मोल मुदत भरत येते तसं वाढतं. इथं उलटं! मुदत जसजशी सरते तसतसं मोल उतरतं, आणि ती संपली की संघाच्या हाती जवळजवळ काहीच उरत नाही. म्हणजे पिचरची किंमत त्याच्या उजव्या-डाव्या हातात असते तितकीच कराराच्या उरलेल्या वर्षांतही असते.

सेलच्या कराराची तेव्हा तीन वर्षं शिल्लक होती. व्हाइट सॉक्सचा संघ उभा राहायला निदान तेवढीच वर्षं लागणार होती. घर बांधून होईपर्यंत राहणाराच निघून जायचा! म्हणून त्यांनी त्याला तेव्हाच दिलं आणि बदल्यात चार तरुण घेतले. त्यांतला योआन मोंकाडा हा तेव्हाच्या सर्वांत होतकरू खेळाडूंपैकी एक मानला जात होता.

दुसरं कारण पिचरच्या कोपराचं. ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगानं चेंडू फेकताना कोपरातल्या एका स्नायुबंधावर भयंकर ताण येतो आणि तो तुटतो. १९७४ मध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा त्याची शस्त्रक्रिया केली. आजही तिच्यानंतर मैदानावर परतायला वर्ष-दीड वर्ष जातं. फलंदाज राखून ठेवता येतो, पिचर राखून ठेवणं म्हणजे काचेचं भांडं उंच फळीवर ठेवणं.

पण म्हणून दिसला पिचर की विकला, असं करावं का? २०२४ च्या जुलैअखेरीची डेट्रॉइटची गोष्ट ऐका. ‘टायगर्स’ संघाचे पराभव विजयांपेक्षा जास्त होते. व्यवहारांची मुदत संपत आली होती. त्यांच्याकडे दोन मोलाचे पिचर होते. जॅक फ्लॅहर्टीचा करार त्याच वर्षी संपत होता. त्याला त्यांनी लॉस एंजलिसच्या ‘डॉजर्स’ला दिलं. तारिक स्कूबलवर मात्र आणखी दोन हंगामांचा हक्क होता आणि संघातली तरुण मंडळी तयार होत आली होती. त्याला त्यांनी ठेवलं. पुढं काय झालं? स्कूबलनं त्या वर्षीचा सर्वोत्तम पिचरचा ‘साय यंग’ पुरस्कार मिळवला आणि टायगर्स २०१४ नंतर पहिल्यांदाच बाद फेरीत पोचले. इकडे डॉजर्स फ्लॅहर्टीला घेऊन जगज्जेते झाले. एकाच संघानं एकाच आठवड्यात एक विकला, एक राखला, आणि दोन्ही निर्णय बरोबर!

म्हणून ‘भाव किती येतोय?’ हा पहिला प्रश्न नव्हे. ‘आमचा संघ कधी तयार होईल, आणि त्या दिवशी हा इथं असेल का?’ हा पहिला प्रश्न. उत्तर ‘नाही’ असेल, तर वर्षं शिल्लक असतानाच द्यावं. ‘हो’ असेल, तर कुणी कितीही मोह दाखवला तरी देऊ नये.

आता नातवाच्या संघाचं काय झालं तेही सांगतो. सेल बोस्टनला गेला. २०१८ च्या अंतिम लढतीतला शेवटचा फलंदाज त्यानंच बाद केला. शिकागोला सेलच्या बदल्यात मिळालेल्या मायकेल कोपेकचं कोपर त्याच वर्षी दुखावलं आणि शस्त्रक्रिया करावी लागली. तरी शिकागोचा संघ उभा राहिला. २०२० आणि २०२१ मध्ये बाद फेरीत गेला आणि दोन्ही वेळा पहिल्याच मालिकेत हरला. मग घसरण सुरू झाली. २०२४ मध्ये त्यांनी १६२ पैकी १२१ सामने गमावले. १९०० नंतर एका हंगामात एवढे पराभव कुणाचेच झाले नव्हते. सेलला विकण्याची वेळ त्यांनी चुकवली नव्हती. पण बी विकत आणलं म्हणजे पीक घरात आलं असं होत नाही. पेरणी, राखण, पाणी हे सगळं पुढंच असतं.

२०२४ च्या डिसेंबरात व्हाइट सॉक्सनं पुन्हा आपला सर्वोत्तम पिचर, गॅरेट क्रोशे, चार तरुणांच्या बदल्यात दिला. कुणाला? पुन्हा बोस्टनलाच! त्या रात्री नातवाचा फोन आला. आता तो अठरा वर्षांचा, आवाज फुटलेला.

“आजोबा, क्रोशेची दोन वर्षं उरली होती. या वेळी मला पटलं.”

मला बरं वाटलं, आणि थोडं वाईटही. हिशेब त्याला शिकवला तो मीच. पण संघाला नव्यानं उभं राहायला आठ-दहा वर्षं मिळतात, पोराला दहा ते अठरा हे वय एकदाच मिळतं. ते त्यानं हरणाऱ्या संघासाठी टाळ्या वाजवण्यात घालवलं. संघ चालवणाऱ्यांच्या वहीत हा खर्च कुठल्या रकान्यात लिहितात, ते मी बँकेत इतकी वर्षं काढूनही त्याला सांगू शकलो नाही.

“आता कुणाच्या बाजूनं?” मी विचारलं.

“म्हणजे काय आजोबा? व्हाइट सॉक्सच्या!”